हेन्क फिसरचा पत्ता

एकोणचाळिसावा हेन्क फिसरही चुकीचा निघाला. हा कॅनडात गाई पाळत होता आणि वय होतं अवघं बावन्न.

"पुढचा!" भानुदासांनी वहीत फुली मारली.

सुजातानं लॅपटॉप अर्धा मिटला. "बाबा, तुम्ही लेकीकडे आराम करायला आलात. न्यूझीलंडात, पापाकुरात बसून जगभरचे डच म्हातारे शोधायला नाही."

"छत्तीस वर्षं पोस्टात काढलीत मी. 'दादा, निळं दार, नदीजवळ, अकोला' एवढ्या पत्त्यावर राखी पोचवलीय. हा तर नाव-आडनावासकट माणूस आहे."

सगळं सुरू झालं ते फिजोआंमुळे. शेजारच्या मिरियमबाईंच्या झाडाला ही हिरवी फळं इतकी लागत, की त्या कुंपणावरून पिशव्याच्या पिशव्या देत. भानुदासांनी त्यांचं तिखट लोणचं घातलं आणि एक बरणी परत पाठवली. सत्त्याऐंशी वर्षांच्या बाईंनी ते जॅमसारखं टोस्टला फासून खाल्लं. नाकाडोळ्यांतून पाणी आलं, तरी दुसऱ्या दिवशी रिकामी बरणी घेऊन हजर. तेव्हापासून दुपारचा चहा दोघं बरोबरच घेत.

अशाच एका चहाला बाईंनी ते सांगितलं.

हॉलंडात नाझी ज्यूंना घराघरातून उचलून नेत होते. मिरियम पाच वर्षांची. शेजारच्या बाईंनी तिला सायकलवर पुढ्यात बसवलं आणि हार्लेम गावी आपल्या विधवा बहिणीकडे, ग्रीट फिसरकडे पोचवलं. आईवडील पुन्हा दिसले नाहीत.

"ग्रीटनं मला दारातच सांगितलं, आजपासून तुझं नाव तूस. मी तुझी आई. तुझा भाऊ हेन्क गावाला गेलाय, आठवड्यानं येईल. खरं नाव कुणाला सांगायचं नाही, घरातसुद्धा नाही."

हेन्क सात वर्षांचा होता. एकदा सकाळी दारात जर्मन शिपाई उभा राहिला. त्यानं तूसकडे बोट दाखवून विचारलं, ही कोण? हेन्क पुढे झाला आणि वैतागून म्हणाला, "माझी बहीण. रोज माझा पाव खाते." शिपाई हसला आणि निघून गेला.

पुढे उपासमारीचा हिवाळा आला. गावातली पोरं उत्तरेकडच्या शेतांवर धाडत होते, तसं हेन्कलाही धाडलं. युद्ध संपलं, लंडनचे काका येऊन तिला घेऊन गेले. दोन वर्षांत ग्रीट वारली. हेन्क कुठे गेला, कुणालाच ठाऊक नव्हतं.

"मिस्टर भानू, त्याच्या आईची अर्धी माया मी घेतली," मिरियमबाई म्हणाल्या. "त्याचा पाव खाल्ला, त्याच्या गादीवर झोपले. आणि साधं थँक यू म्हटलं नाही."

भानुदासांनी त्याच दिवशी नवी वही काढली.

हार्लेमच्या नगरपालिकेला पत्र गेलं. उत्तर आलं: त्या घरात हेन्क नावाच्या मुलाच्या जन्माची नोंद सापडत नाही. भानुदास भयंकर चिडले. "युद्धाच्या गडबडीत कारकुनांनी रजिस्टरं कशी ठेवली असतील, ते दिसतंच आहे!"

चाळिसाव्या हेन्कनंतर मात्र त्यांनी पेन खाली ठेवलं.

"सुजा, आपण उलटे चाललोय. माणसाचा पत्ता मिळत नसेल तर आपला पत्ता माणसाला कळवायचा."

सुजातानं फेसबुकवरचे डच लोकांचे ग्रुप धुंडाळले आणि बाबांनी सांगितलं तसं टाकलं: 'हार्लेमच्या ग्रीट फिसरकडच्या हेन्कला तूस शोधते आहे. हेन्क, दारातल्या शिपायाला तू काय म्हणालास?'

पहिल्या आठवड्यात चौदा उत्तरं आली. चौदाही बाद. एका हेन्कनं शिपायाला गाणं म्हणून दाखवलं होतं.

नवव्या दिवशी सुजाता ऑफिसातून आली ती पर्ससकट कुंपणाशी धावली. हातात फोन. मेलबर्नहून एल्ला नावाच्या मुलीनं लिहिलं होतं: 'आजोबा सांगतात, माझी बहीण, रोज माझा पाव खाते. सकाळपासून ते खाली बसलेले नाहीत. तूस खरंच आहे का? आम्ही शनिवारी येतोय.'

मिरियमबाईंनी ते तीनदा वाचलं. मग म्हणाल्या, "मला केस कापून घ्यायला हवेत."

शनिवारी भानुदासांनी कोट चढवला आणि पायांत जॅन्डल्स, म्हणजे घरातल्या रबरी चपला, तशाच ठेवल्या. ते सुजाताच्या लक्षात आलं ते थेट ऑकलंडच्या विमानतळावर. मिरियमबाई गाडीत सबंध वाट पुटपुटत होत्या.

"काय म्हणताय?" भानुदासांनी विचारलं.

"दोन वाक्यं पाठ करतेय. आयत्या वेळी जीभ अडखळायला नको."

"अडखळली तर मी सांगेन. मलाही पाठ झालीत."

काचेचं दार उघडलं. एका तरुण मुलीचा हात धरून उंच, वाकलेला म्हातारा बाहेर आला. त्यानं गर्दीवरून नजर फिरवली आणि ती मिरियमबाईंवर थांबली.

"तूस?"

"हेन्क!"

दोघं एकमेकांना धरून कितीतरी वेळ उभी राहिली. सुजातानं डोळे पुसले. भानुदासांनी चष्मा पुसायला काढला आणि पुन्हा घालायचं विसरले.

मिरियमबाईंनी खोल श्वास घेतला. "हेन्क, तुझ्या आईनं मला..."

"थांब. आधी मी." म्हाताऱ्यानं तिचे दोन्ही हात हातांत घेतले. "एक्याऐंशी वर्षं हेच घोकत आलोय, एवढं बोलू दे. तूस, माझं खरं नाव सॅम्युएल. तुझ्या आईनं एका ज्यू पोराला आपला मुलगा म्हणून घरात लपवलं, आणि मी तिच्या लेकीला साधं थँक यूसुद्धा म्हटलं नाही."