जाळायची राहिलेली सुई

"हातमोजे कुठे होते तुझे?" डॉक्टर खेकसले. दवाखाना झाडणाऱ्या अंजिराच्या बोटावर रक्ताचा थेंब होता. कचरा उचलताना वापरलेली सुई टोचली होती.

"माझंच चुकलं, साहेब."

"लशीचीच सुई असेल. बोट धू आणि घरी जा."

हेमलता सिस्टरची मान खाली गेली. सुया जाळायचं यंत्र सकाळपासून तिनेच बंद ठेवलं होतं, कारण ठिणगी पाहून लशीला आलेली पोरं रडायची. नंतर जाळू म्हणत ती विसरली आणि सुया तशाच कचऱ्यात गेल्या. त्यांत काविळीच्या एका पेशंटचीही होती.

"सर, थांबा," ती कशीबशी म्हणाली. "यंत्र मी बंद ठेवलं होतं. कचऱ्यात 'बी' काविळीच्या पेशंटचीही सुई आहे, रक्तातून पसरते ती."

डॉक्टरांनी लगेच काविळीपासून बचावाचं इंजेक्शन लिहून दिलं. अंजिराने हेमलताकडे बघत बाही वर सारली. "हळू द्या हं, सिस्टर. सुईला मी लय भिते."

इंजेक्शन देताना हेमलताचे डोळे भरून आले. मग तिने यंत्र सुरू करून सुई आत घातली. ठिणगी उडाली आणि दारातल्या पोराने भोकाड पसरलं. तिने यंत्र बंद केलं नाही.