टाचा

टीव्हीवरच्या फुटबॉलच्या गेममध्ये रुचिकाने तिच्या बाबांचा खेळाडू बनवला होता. तिला सगळं खऱ्यासारखं हवं होतं: घाम, लागलेला दम, दरसाल वाढणारं वय. आता तेच नडलं.

"आई, बाबा चाळीस वर्षांचे झाले. गेम आता त्यायले रिटायर करून राह्यला."

"काऊन? एकदा गेले तेवढं पुरे नाई झालं काय?"

ते जाऊन चार वर्षं झाली. तरी मैदानावरून आल्यावर त्यांना पाय धुवायला लागायची ती बादली मी रोज भरून अंगणात ठेवते. बोरगावातल्या बायका हसतात, हसोत.

पडद्यावर ते मैदानाच्या कडेला आले आणि डावा पाय दोनदा झटकला. आमच्या दारात झटकायचे, अगदी तसाच.

"हे तू टाकलं?"

"नाई आई. असं टाकताच येत नाई."

'निवृत्त करायचे?' गेमने विचारलं. मी रिमोट हिसकून 'नाही' दाबलं. त्याने पुन्हा विचारलं. मी पुन्हा दाबलं.

मैदान रिकामं झालं. भर दुपारी अंगणात कुणीतरी पायांवर पाणी ओतलं.

रुचिकाने माझा हात घट्ट धरला. मी वळून पाहिलं नाही.

"टाचा नीट घासा जी," मी म्हटलं. "फरशी मलेच पुसा लागते."

पाणी थांबलं. मग दगडावर टाच घासल्याचा आवाज येऊ लागला.