वऱ्हांड्यातला वाचक

वऱ्हांड्यातल्या माणसाने मघापासून पान उलटलं नव्हतं.

मुद्रितशोधकाच्या नजरेतून अशी गोष्ट सुटत नाही. वाचणाऱ्याचे डोळे कसे सरकतात, ओळ संपली की कसे मागे येतात, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. हा माणूस वाचत नव्हता. पुस्तकाआडून तो आपल्याकडेच बघतोय, अशी त्याची खात्री झाली.

"वरच्या खोलीतला तो गृहस्थ काय करतो गं?" त्याने बायकोला विचारलं.

"सुट्टीवर आलाय. सुट्टीत माणसं काय करतात? काही करत नाहीत." ती ओले टॉवेल कठड्यावर वाळत घालत होती. "तुम्हाला मात्र इथेही चुका शोधल्याशिवाय करमत नाही."

तो हसला, पण मनातून काही जाईना. छापखान्याच्या ज्या विभागात तो काम करायचा, तिथे शालान्त परीक्षेच्या प्रश्नपत्रिका छापल्या जात. आत जाताना झडती, बाहेर पडताना झडती. रुमालसुद्धा झटकून दाखवावा लागे. इतक्या वर्षांत त्याने तिथून कागदाचा कपटाही बाहेर आणला नव्हता. तरी संशय यायला काय लागतं? मागे एका सहकाऱ्याची उगाचच चौकशी झाली होती. तो निर्दोष सुटला, पण तोवर माणूस पार खंगून गेला होता.

त्यात यंदा मुलगी परीक्षेला. लहानपणी दिवसभर कलकलाट करायची म्हणून घरात तिचं नाव टिटवी पडलं होतं. गणित म्हटलं की ती वही मिटून टाकायची. परीक्षेच्या आधी बाप रजा काढून तिच्याबरोबर बसला, एकेक गणित पाठ होईपर्यंत तिच्याकडून घोटून घेतलं. पेपर कसा गेला विचारलं तर म्हणाली, "सोपा होता." तेव्हापासून टिटवी गप्पच होती. मग एक दिवस अचानक हट्टाला पेटली, समुद्रावर जायचं आणि याच लॉजमध्ये उतरायचं. थकली असेल पोर, असं म्हणून त्यांनी बॅगा भरल्या.

इथे आल्यापासून मात्र ती त्या माणसाशी बोलायची. तो तिला वाचायला पुस्तकं द्यायचा. आधी जहाज फुटून बेटावर अडकलेल्या खलाशाची गोष्ट, मग दीपगृहाच्या राखणदाराची. ती पोहायला गेली की बाप ती पुस्तकं चाळून, उलटी धरून, झटकून बघायचा. छपाईच्या चुका बऱ्याच सापडल्या. चिठ्ठी एकही नाही.

संध्याकाळी बापलेक ओल्या वाळूतून लांबवर चालत जात. तेव्हा ती भलतंच काहीतरी विचारायची. बाबा, तुमच्या कामात कधी भीती वाटते का? एवढे प्रश्न वाचता, ते तुमच्या लक्षात राहतात का? तो विषय बदलायचा, भेळवाल्यासारखा ओरडणारा एखादा पक्षी दाखवायचा. ती हसत नसे. हे प्रश्न तिचे नाहीत, कुणीतरी तिच्या तोंडी घातलेत, हे त्याला दिसत होतं. पोरीला हाताशी धरून बापाच्या पोटातलं काढू बघणारा माणूस किती नीच असेल, असं त्याच्या मनात येई.

त्या माणसाशी बोलायचं नाही, अशी त्याने तिला ताकीद दिली. तिने मान हलवली. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा त्याच्या शेजारच्या खुर्चीत बसलेली दिसली.

शेवटी निघायच्या दिवशी सकाळी त्याचा धीर सुटला. बायको बॅगा आवरत होती. तो तडक वऱ्हांड्यात गेला आणि त्या माणसासमोर उभा राहिला.

"तुम्ही इथे नेमके कशासाठी आलात?"

माणसाने चष्मा काढला, शर्टाच्या टोकाला पुसला. आवाजात जरब नव्हती, उलट थोडा थकवाच होता.

"वाट बघायला."

"कुणाची?"

"एका माणसाची. तो येईल असं मला सांगितलंय. मलाही वाटतंय, यावा."

मुद्रितशोधकाच्या छातीवरचा दगड उतरला. म्हणजे हा आपल्या मागावर नाहीच, दुसऱ्याच कुणाची तरी वाट बघत ताटकळलाय बिचारा. त्याने ओशाळून माफी मागितली, हवेबद्दल दोन शब्द बोलला आणि पायऱ्या उतरून किनाऱ्यावर गेला.

टिटवी पाण्याच्या कडेला बसली होती. वाचून झालेली पुस्तकं शेजारी चपलांवर नीट रचून ठेवलेली. तो तिच्याजवळ बसला आणि इतक्या दिवसांनी मोकळेपणाने म्हणाला, "तुझ्या त्या पुस्तकवाल्यावर मी उगाच संशय घेतला. तो तर कुणाची तरी वाट बघतोय."

"मला माहीत आहे," ती म्हणाली.

लाट पावलांपर्यंत येऊन गेली. तिने पाय मागे घेतले नाहीत.

"बाबा, तुम्ही घोटून घेतलेली गणितं पेपरात आली. आकड्यांसकट. मी त्यातलं एकही सोडवलं नाही."

त्याला तिच्याकडे बघवेना.

"परीक्षा मंडळात जाऊन मीच सगळं सांगितलं. ते पुस्तकवाले तिथले चौकशी अधिकारी आहेत." तिने शेजारची पुस्तकं जवळ ओढून घेतली. "ते लगेच घरी येणार होते. मीच हातापाया पडले. म्हटलं, सुट्टी संपेपर्यंत थांबा, माझे बाबा स्वतःहून येऊन सांगतील."