लादीची दुसरी बाजू

वेड्यांच्या इस्पितळामागची जुनी दफनभूमी साफ करायला घेतली, तेव्हा एक आजी भावाला शोधत आल्या. प्रत्येक थडग्यावर सिमेंटची लादी होती आणि लादीवर नुसता नंबर.

"नावं का नाहीत हो?"

"घरचेच नको म्हणायचे," मुकादम म्हणाला. "उगाच बभ्रा नको म्हणून. नंबराचा साचा होता, इथलेच पेशंट त्यात लाद्या पाडायचे."

खचलेली एक लादी सरळ करायला त्याने पहारीने उचकटली, ती पालथी पडली आणि तो बघतच राहिला. मागच्या बाजूला, सिमेंट ओलं असताना खिळ्याने कुणीतरी नाव लिहिलं होतं. त्याने शेजारची उलटली. तिच्यामागेही नाव. पुढचीच्या मागेही.

मुकादम हरखला. "आजी, आता काळजी सोडा. सगळ्या उलटतो. तुमचा भाऊ सापडलाच म्हणून समजा."

आजी हळूच खाली टेकल्या. प्रत्येक नावाखाली ओढलेल्या नागमोडी रेघेवरून बोट फिरवत राहिल्या. पाटीवर नाव लिहून झालं की खाली अशी रेघ ओढायची, हे धाकट्या भावाला त्यांनीच शिकवलं होतं.

"सगळ्यांची नावं त्यानेच लिहिलीत," त्या म्हणाल्या. "कोरी निघेल ती लादी त्याची."

"ती का कोरी असेल?"

"मागून लिहायला तो उरला नव्हता. आणि पुढून लिहू नका, असं आम्हीच सांगितलं होतं."