नमुन्याची सीट

मेकॅनिकने बसमधल्या नव्या सीटचा शेवटचा बोल्ट आवळला. एसटीच्या अभियंता साहेबांनी दोन्ही नमुन्याच्या सीटच्या पाठीवर रंगाने आकडे टाकले. डावीकडची एक नंबर, ती वनमालाची. उजवीकडची दोन नंबर, पुण्याच्या एका मोठ्या कंपनीची.

"तीन महिने ही गाडी बीड-नेकनूरच करील," ते म्हणाले. "दिवाळीच्या आधी मी येऊन बघेन. जी सीट टिकेल तिच्या मालकाला काम."

"आन् ती उलाढालीची अट, साहेब?" वनमालाने विचारले.

"छोट्या उद्योगांना ती लागू नाही. अनामतही माफ आहे. कागदात तुम्ही कुठंच कमी नाही. आता काय ते सीटच सांगेल."

वनमालाचे नेकनूरला सीट शिवायचे दुकान होते. ट्रॅक्टरच्या, जीपच्या, मोटारसायकलींच्या सीट. हाताखाली चार बायका. जिल्ह्यातल्या बसगाड्यांच्या सीट नव्याने करायचे हे काम मिळाले, तर चौघींना वर्षभर दुसरीकडे बघावे लागणार नव्हते.

चौघींतली शिवकन्या मूळची शिरूर कासारची. दर हंगामाला नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जायची. मागच्या वर्षी फडातच बाळंत झाली. मूल राहिले नाही. तेव्हापासून ती दुकानात होती आणि मशीनवरून मान वर करत नव्हती.

"ताई, टोळीचा मुकादम विचारायलाय, यंदा येता का म्हणून," ती म्हणाली. "काय सांगू?"

"न्हाई म्हणून सांग."

"काम न्हाई मिळालं तर?"

"मिळंल. दुहेरी शिवण हाय. स्पंज मी सोता निवडून आणलाय."

 शिवकन्याने दोरा दाताने तोडला.

आठवडाभराने रामकिसन तात्या दुकानात आले. बीडला एका क्लासवर ते राखणदार होते आणि रोज याच गाडीने जात. स्टँडवरच्या हॉटेलात त्यांनी काहीतरी ऐकले होते.

"बाई, मोठ्या कामात लई भानगडी असतेत म्हणं. नमुन्याच्या सीटवर कुणी ब्लेड मारली, की खेळ खलास."

वनमालाचा हात थांबला. "मग मी काय करू, तात्या? रोज गाडीत बसून राहू का?"

"तू कावून? आमी हावोत ना."

दुसऱ्या दिवसापासून एक नंबरची सीट मोकळी दिसली नाही. पहिल्या फेरीला तात्या आणि त्यांचा शेजारी बसत. बीडला उतरताना ते ती जागा भाजीवाल्या बायकांच्या ताब्यात देत. मग कॉलेजच्या पोरी, मग बाजारकरी. गाडी स्टँडात वळली की खिडकीतून रुमाल पडत, टोप्या पडत, एखादे पोरगे चाकावर पाय देऊन आत उतरे. दोघांच्या जागेत तिघे बसत, मांडीवर पोती घेऊन.

संध्याकाळी दुकान बंद करून वनमाला स्टँडवर जाई. आपल्या सीटवर गाव दाटीने बसलेले बघून तिला भरून येई.

"वनमालाताई, तुमच्या सीटपायी माझी नोकरी जायची," कंडक्टर उत्तरेश्वर म्हणाला. "परवा एक म्हातारी उभी. म्हणलं, आजी, बसून घ्या की. तर म्हणली, मी बसंन तर वनमालाच्याच सीटवर."

"कुणी ब्लेडवाला दिसला का?"

"आधी त्याला जागा तर मिळू द्या."

ती हसली. बऱ्याच दिवसांनी.

पाऊस यंदाही ओढ देऊनच गेला. मुकादम पुन्हा आला. शिवकन्याने नाही म्हटले तसे त्याने नवरा-बायकोची दुसरी जोडी धरली. आता तिला टोळीत जागा नव्हती. बाकीच्या तिघींनीही यंदा दुसरे काम धरायचे नाही, असे आपापल्या घरी सांगितले होते.

दिवाळीच्या आधी अभियंता आले तेव्हा गाडीभोवती निम्मे नेकनूर जमले होते. कुणीतरी त्यांच्यासाठी खुर्ची आणली. ते बसले नाहीत. थेट गाडीत चढले. मागोमाग वनमाला.

एक नंबरच्या सीटची पुढची कड फाटली होती. शिवण उसवली होती. स्पंज दबून पातळ झाला होता, हात दाबला की खालचा पत्रा लागत होता.

दोन नंबरच्या सीटवर त्यांनी तळवा ठेवला आणि उचलला. स्पंज लगेच वर आला. रेक्झिन चकाकत होते.

"कुणीतरी कापलीय, साहेब," वनमाला म्हणाली. "असं व्हतं म्हणतेत."

त्यांनी खिशातली बॅटरी काढली, गुडघ्यावर बसले आणि फाटलेली कड बारकाईने पाहिली. बराच वेळ.

"कापलेली नाही, ताई. कापली असती तर कड सरळ असती. ही झिजून विरलीय." ते उठले. "गाडी एक, रस्ता एक, प्रवासी तेच. मी दुसरं काय लिहू?"

ते जीपमध्ये बसले आणि गेले. लोक हळूहळू पांगले. चौघी बायका फलाटाच्या कठड्याला टेकून उभ्या होत्या. शिवकन्या रस्त्याकडे बघत होती. उसाच्या टोळ्या घेऊन जाणारे ट्रक आता याच रस्त्याने निघणार होते.

फलाटावर बसलेल्या वनमालाजवळ तात्या येऊन बसले. 

"आमी काई कमी पडू दिलं न्हाई, पोरी," ते म्हणाले. "तुझी सीट एक घडी मोकळी ठिवली न्हाई. आन् त्या कंपनीच्या सीटला, तुला सांगितलं नव्हतं पर सगळ्या गावानं ठरवलंच व्हतं, तीन महिन्यात एकाबी माणसानं बूड टेकवलं न्हाई."