ट्रॉलीच्या मागची वायर

इंजिन चालू होतं, तरी मीटरवरचा आकडा साडेअकराच्या वर सरकेना. तो चौदाच्या आसपास हवा होता. मेकॅनिक अमृतने डायनामो तपासला, बॅटरीची टोकं घासली. सगळं ठीक होतं.

ट्रॅक्टर उसाचा होता, मागे भरलेल्या दोन ट्रॉल्या. ड्रायव्हर कानिफनाथची तक्रार एकच, व्होल्टेज पडलं की स्पीकर बंद पडतो. हंगामात उसाचा ट्रॅक्टर गाण्याविना नेणं म्हणजे या भागात बँडविना वरात काढण्यासारखंच.

शेवटी चोर सापडला. ट्रॉल्यांच्या मागच्या लाल दिव्यांची वायर हुकाला घासून उघडी पडली होती. करंट तिथेच लोखंडात जात होता.

"नवी वायर टाकावी लागंल. तासभर जाईल," अमृत म्हणाला.

"तासात कारखान्यावरचा माझा नंबर जाईल की. तोडून टाका, अमृतशेठ. मागचा दिवा मला कुठं दिसतोय?"

अमृत हसला आणि त्याने वायर तोडली. आकडा झटकन चौदाला गेला, गाणं दणाणलं. या हंगामात अशा किती वायरी तोडल्या, हे त्याला आठवतही नव्हतं. गिऱ्हाइकाचं मन मोडायचं नाही, एवढंच त्याला ठाऊक.

दिवस मावळला. गॅरेजचं शटर ओढताना बायकोचा फोन आला. "ज्ञानेश्वरी आली का वो तिकडं? क्लास सुटून अर्धा तास झाला, आजून घरी न्हाई."

घर कारखान्याच्याच रस्त्याला होतं. अमृतने मोटारसायकलला किक मारली.

दोन किलोमीटरवर पोरीची स्कूटी कडेला पडलेली दिसली. ज्ञानेश्वरी मोरीच्या कठड्यावर बसली होती. कोपर खरचटलेलं होतं.

"पप्पा, ट्रॉलीला मागं दिवाच नव्हता. गाणं ऐकू आलं म्हणून ब्रेक मारला, न्हाईतर ट्रॉलीखालीच गेले असते."

अमृतने तिला जवळ घेतलं. त्याला स्वतःच्या हातांची लाज वाटत होती. त्याने विचारलं, "ट्रॅक्टरवाला कुठंय?"

"थांबला हुता. भला मानूस, पाणी दिलं, हात जोडले. मी रडत हुते म्हनून त्यानं गाणं बंद केलं, आन् तसाच बिनदिव्याचा पुढं गेला."

त्यांच्या अंगावरून एक मोटारसायकल भरधाव कारखान्याकडे गेली. अमृतने हाक मारली, पण तोवर ती अंधारात शिरली होती.