उलटी प्रदक्षिणा

गुडघे धरले तरी प्रदक्षिणेचा नेम मोडू नये, म्हणून माझ्या वतीनं देवीभोवती फिरणारा विजेचा दिवा मी स्वतःच मोटर जोडून बनवला. शेजारणींसमोर मोठ्या भक्तिभावानं स्विच दाबला, तर दिवा उलटाच फिरू लागला.

“वृंदाताई, ही उलटी प्रदक्षिणा कुठल्या व्रतातली हो?” चित्रेवहिनींनी विचारलं.

सून वाकून बघू लागली. “आई, कनेक्टरमध्ये वायरी उलट लागल्यात. लाल प्लसला, काळी मायनसला लागते. काळी कुठाय?”

“देवीजवळ काळं कसं चालेल गं? दोन्ही लालच घातल्या.”

तिनं कपाळावर हात मारला. मी डोळे मिटून, कान पकडून देवीची क्षमा मागू लागले.

“आई, क्षमा नंतर मागा,” सून हळूच म्हणाली, “आधी स्विच बंद करा. पाप वाढतंय.”